आयएनआर किती आला?

पालमला रात्री लाइट गेली की आधी आमच्या फ्रिजची घरघर थांबते. मग शेजारच्यांच्या टीव्हीवरची मालिका वाक्याच्या मध्येच बंद पडते. कुत्री दोन मिनिटं भुंकून गप्प होतात. आणि त्यानंतर मी ऐकू यायला लागते. टिक, टिक, टिक. मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यावर येतो तसा आवाज.

ऑपरेशननंतर घरी आले त्या पहिल्याच रात्री लाइट गेली. शेजारच्या बाजेवर आई झोपली होती. थोड्या वेळाने अंधारातून तिचा आवाज आला, "बाई, हातातलं घड्याळ काढून ठेव की."

"घड्याळ नाही गं. मीच वाजतेय."

पुण्यात तीन आठवडे ती माझ्यासोबतच होती, पण तिथे खोलीखालचा रस्ता रात्रभर चालू असायचा, त्यामुळे तिने हा आवाज ऐकलाच नव्हता. ती उठून माझ्या बाजेवर येऊन बसली. बराच वेळ ऐकत राहिली. "थांबत नाही ना मधी?" तिने विचारलं. मी नाही म्हणाले. मग ती जाऊन झोपली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. मी मात्र पहाटेपर्यंत जागी. नाडी ९० असेल तर दिवसाला एक लाख एकोणतीस हजार सहाशे टिका होतात, हा हिशेब त्या रात्री केला. करायला नको होता.

२९ नोव्हेंबर २०२३ला पुण्यात माझ्या हृदयाची मायट्रल झडप काढून तिथे कृत्रिम झडप बसवली. तेव्हा मी २७ वर्षांची होते. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त जाताना मधे जे दार लागतं, ती ही झडप. निरोगी माणसात ती उघडल्यावर चार ते सहा चौरस सेंटीमीटरची वाट तयार होते. माझी ०.९ होती. एवढ्याशा फटीतून रक्त ढकललं जात होतं, उरलेलं मागे फुप्फुसात तुंबत होतं, आणि मला वाटत होतं की हिंजवडीत बसून बसून माझं वजन वाढलंय म्हणून जिने चढताना दम लागतो. रात्री आडवं झालं की खोकला यायचा. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. रूममेट म्हणायची अॅसिडिटी आहे. एका सोमवारी स्टँडअप मीटिंगमध्ये खोकताना रुमालावर गुलाबी फेस आला. तेव्हा कॅमेरा बंद केला आणि दवाखान्यात गेले.

इको करणाऱ्या डॉक्टरांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का कधी?"

सुजले होते. २००७, सहावीत होते. आधी घसा दुखला, तो आपोआप बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि उजवा गुडघा फुगला. तो उतरेपर्यंत डावा. मग घोटे. आजीने निरगुडीच्या पाल्याने शेकलं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी मी पुन्हा शाळेत. सगळे म्हणाले, पोरगी वाचली.

याला संधिवाताचा ताप म्हणतात, इंग्रजीत रुमॅटिक फीवर. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूंशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. त्या जिवाणूंच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखी दिसतात. प्रतिपिंडं गोंधळतात आणि आपल्याच झडपेवर चालून जातात. सांध्यांची सूज कुठलीही खूण न ठेवता उतरते, झडपेवरचे व्रण मात्र राहतात. मग वर्षानुवर्षं ती जाड होत जाते, कडा चिकटतात, कॅल्शियम साचतं. श्रीमंत देशांत हा आजार जवळपास संपलाय. एका घरात दाटीने राहणाऱ्या, घसा दुखला तर मिठाच्या गुळण्या करून शाळेत जाणाऱ्या लेकरांचा हा आजार. निदान वेळेवर झालं तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं. पुन्हा पुन्हा येणारे झटके त्याने टळतात. एवढंच.

हे वाचलं तेव्हापासून मला त्या गावातल्या डॉक्टरांचा राग यायला लागला. एक इंजेक्शन. एक तपासणी. लिहून द्यायला काय गेलं होतं? हा राग मी पुढे दोन-अडीच महिने सांभाळला. खरं सांगायचं तर बरं वाटायचं, कारण राग धरायला कुणीतरी होतं.

*

सर्जनांनी मला आणि अण्णांना समोर बसवलं. फुग्याने झडप उघडण्याची जी सोपी पद्धत आहे ती माझ्या बाबतीत चालणार नव्हती. झडप फार कडक झाली होती आणि गळतही होती. बदलावीच लागणार. मग त्यांनी अण्णांकडे पाहत विचारलं, "लग्न झालंय का यांचं?"

मी त्याच खोलीत होते. मीच म्हणाले, नाही.

पर्याय दोन होते. एक प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप. तिला आयुष्यभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लागत नाहीत, पण तरुण माणसात ती लवकर झिजते. दहा-पंधरा वर्षांत पुन्हा छाती उघडायची. दुसरी धातू-कार्बनची यांत्रिक झडप. ती सहसा जन्मभर टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी, मरेपर्यंत. आणि त्या गोळीचा गर्भाला धोका असतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. मूल होऊच शकत नाही असं नाही, गोळी बदलून, इंजेक्शनं घेऊन, डोळ्यांत तेल घालून करता येतं, पण आईला आणि बाळाला दोघांनाही जोखीम. डॉक्टर हे सगळं नीट आणि न घाई करता बोलले. शेवटी म्हणाले, उद्या सांगा.

त्या रात्री आईचा फोन आला. ती पालमलाच होती, सोयाबीनचे पैसे यायचे होते. "लेकराबाळांचं बघून ठरीव बाई," एवढंच म्हणाली. अण्णा म्हणाले, "तू ठरव." आमच्या घरात 'तू ठरव' हे वाक्य मी त्याआधी फक्त एकदा ऐकलं होतं, नांदेडच्या एसजीजीएसला अॅडमिशन मिळाली तेव्हा.

मी यांत्रिक झडप घेतली. का, तर चाळिशीच्या आत-बाहेर पुन्हा एकदा हे सगळं करायची कल्पना मला सहन झाली नाही. भीती होती, दुसरं काही नाही. लोक विचारतात तेव्हा मी 'टिकाऊपणा' वगैरे शब्द वापरते. निर्णय बरोबर होता का हे मला आजही माहीत नाही. काही दिवस वाटतं होता, काही दिवस वाटतं नव्हता, आणि महिन्याचे चार दिवस तर अजिबात वाटत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

*

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, आयसीयूचं आठवतं. घशात नळी होती, बोलता येत नव्हतं, आणि छताच्या जाळीतून माझ्या अंगावर सोयाबीन पडतंय असं मला दिसत होतं. दाणा दाणा. मी नर्सला खुणेने सांगत होते की पोतं लावा. तिने माझा हात धरून ठेवला. पुढे कळलं की मोठ्या ऑपरेशननंतर असे भास बऱ्याच जणांना होतात.

छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण ताकद यायला आणखी वेळ. तोवर कुशीवर झोपायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही, जड काही उचलायचं नाही, दुचाकीवर बसायचं नाही. खोकला आला की उशी छातीशी गच्च धरून खोकायचं. शिंक आली तर देवाचं नाव घ्यायचं. तीन निळ्या चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र देतात, नळीतून हवा आत ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी माझ्याने एकही हलला नाही. इंजिनिअरिंगला चार वर्षांत एकही विषय राहिला नव्हता माझा, आणि इथे एक चेंडू उचलेना. मी चिडून ते यंत्र फेकणार होते, पण फेकायलाही हात वर जात नव्हता.

ज्या गोष्टी कुठल्याही माहितीपत्रकात नसतात त्या बायकांना शेजारच्या बेडवरून कळतात. जखम छातीच्या मधोमध असते आणि स्तनांच्या वजनाने ती दोन्हीकडे ओढली जाते. ब्रा घातली तर पट्टी नेमकी टाक्यांवर, नाही घातली तर ओढ. माझ्या शेजारी जालन्याकडची एक बाई होती, माझ्या आधी चार दिवस तिचं ऑपरेशन झालं होतं. तिने सांगितलं, मऊ सुती ब्लाऊज एक माप मोठा शिवून घे, पुढून हुकाचा, आणि आत जुन्या धोतराची घडी ठेव. यापेक्षा उपयोगी सल्ला मला कुणी दिला नाही.

माझा खर्च कंपनीच्या विम्यातून झाला. तिचा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून. रेशनकार्ड, आधार, कसकसले शिक्के, सगळं एका पिशवीत घेऊन तिचा नवरा खाली-वर करत असायचा. तिच्या छातीत बसवलेली झडप होती 'चित्रा', तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली. डॉ. एम. एस. वलियाथन हे सर्जन आणि त्यांच्या सोबतचे इंजिनिअर यांनी बाहेरून येणारी महागडी झडप आपल्याकडच्या लोकांना परवडत नाही म्हणून ती करायला घेतली. आधीची मॉडेलं एकामागून एक फसली. चौथं टिकलं. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाला बसवली. तिच्यातली चकती विशिष्ट प्रकारच्या प्लास्टिकची असते. मी हे तिला मोबाइलवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं, आपलीच हाय म्हणायची."

माझ्यासारख्यांना हे सगळं वाचायचा नाद लागतो. १९५८ साली अमेरिकेत लोवेल एडवर्ड्स नावाचा निवृत्त इंजिनिअर अल्बर्ट स्टार या तरुण सर्जनकडे गेला आणि म्हणाला, आपण कृत्रिम हृदय बनवू. स्टार म्हणाले, आधी एक झडप बनवू. दोन वर्षांत, १९६०मध्ये, ती झडप बसवलेला माणूस घरी चालत गेला. पिंजऱ्यात एक गोळी वर-खाली होते, एवढंच ते यंत्र. तो माणूस पुढे दहा वर्षं जगला आणि घराला रंग देताना शिडीवरून पडून गेला. हे वाचून मला का कोण जाणे फार बरं वाटलं. शिडीवर चढला होता म्हणजे.

*

पुणे, नगर, बीड, परळी, गंगाखेड, पालम. गाडीच्या मागच्या सीटवर उशी धरून बसले होते. या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे मला तोंडपाठ झालं.

पालममध्ये आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत. सकाळी आठपासून लोक 'पाहायला' यायचे. हातात केळी नाहीतर पार्ले-जीचा पुडा. बसायचे, चहा घ्यायचे, आणि आपल्या ओळखीत हार्टने कोण कोण गेलं ते तपशीलवार सांगायचे. "चांगला बोलत बोलत गेला बघा." एक काका तर झडपेची गॅरंटी किती वर्षांची म्हणून विचारून गेले. मी हसले तर टाके दुखले. आई सगळ्यांना सांगायची, "आता काही नाही, चांगली हाय," आणि ते गेले की दारात मीठ-मोहऱ्या ओवाळायची.

मला रडू यायचं. डिस्चार्जच्या वेळी फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं की होईल, हृदयाच्या ऑपरेशननंतर उदास वाटणं फार जणांना होतं, लाजू नको, लांबलं तर सांग. मला वाटलं होतं दुखलं की रडू येईल. तसं नव्हतं. शेजारचा मुलगा ओट्यावर पाढे म्हणत होता, सतराच्या पाढ्यात सातव्या पायरीला अडकला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. मी वीस मिनिटं हमसून हमसून रडले. आई पळत आली, "काय दुखायलंय? कशाला रडायलीस वं?" मी म्हणाले, त्याला सतराचा पाढा येत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन त्या पोराला म्हणाली, "घरात जाऊन म्हण रे बाबा."

लॅपटॉप उघडायची इच्छा नव्हती. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी 'रीबूट झालीस' असं लिहून हसरे चेहरे टाकले होते. रीबूटनंतर मशीन पहिल्यासारखं होतं, असं त्यांना म्हणायचं असावं. मी ग्रुप म्यूट केला.

आई मला आंघोळ घालायची. सत्ताविसाव्या वर्षी. पहिल्या दिवशी तिने जखमेकडे पाहिलं नाही. पाणी घालताना तिची नजर माझ्या खांद्यावर होती. आठव्या दिवशी तिने बोटाने, अगदी वरच्या टोकाला, गळ्याखाली स्पर्श केला आणि म्हणाली, "चांगलं शिवलंय."

*

आता गोळीबद्दल. वॉरफरिन. तिची गोष्ट मी अण्णांना सांगितली कारण ती शेतकऱ्याची गोष्ट आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९३३च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, एक शेतकरी मेलेली कालवड, खराब झालेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. त्याची जनावरं रक्तस्राव होऊन मरत होती. भिजून बुरसलेल्या गवतात काहीतरी होतं. कार्ल पॉल लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पुढे सहकाऱ्यांसोबत ते शोधून काढलं. त्यातूनच पुढे वॉरफरिन तयार झालं, आधी उंदीर मारायला विकलं गेलं, मग माणसांना औषध म्हणून.

अण्णांनी सगळं ऐकलं. "पावसात भिजलेला कडबा काळा पडतो तसंच की," म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे तुला उंदराचं औषध चालू हाय?"

ते आईला सांगू नका म्हटलं. अर्थात त्यांनी सांगितलं.

या गोळीचं माप ठरलेलं नसतं. दर काही दिवसांनी रक्त तपासून आयएनआर नावाचा आकडा बघायचा. तुमचाआमचा तो साधारण एक असतो. माझा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी, ती मेंदूत गेली तर लकवा. वर गेला तर रक्तस्राव. आणि हा आकडा हलवणाऱ्या गोष्टींत हिरव्या पालेभाज्या येतात, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. भाज्या बंद करायच्या नसतात, रोज सारख्याच प्रमाणात खायच्या असतात. हे मी आईला समजावलं. तिने ऐकलं, आणि सरळ सगळ्या हिरव्या भाज्या बंद केल्या. डिसेंबरमध्ये! मेथी, शेपू, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला दारावर येतोय आणि मी रोज बटाटा खातेय.

आकडा आला ४.६.

डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर, अण्णा शेजारी बसलेले. त्यांनी विचारलं, कुठून रक्त जातंय का? हिरड्या, लघवी, काही? मी म्हणाले, नाही.

जात होतं. माझी पाळी चालू होती. आठवा दिवस होता आणि थांबायचं नाव नव्हतं. पण अण्णांसमोर ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. कोड रिव्ह्यूमध्ये दहा लोकांसमोर मी आपली चूक सांगते, आणि इथे, जिथे प्रश्न जिवाचा होता, मी खोटं बोलले. अर्ध्या तासाने गच्चीवर जाऊन, एकेका पायरीला थांबत, मी परत फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत. एक डोस चुकवायला सांगितला, हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, स्त्रीरोगतज्ज्ञांचा नंबर दिला. म्हणाले, या गोळीवर बऱ्याच बायकांना हा त्रास होतो आणि बऱ्याच जणी सांगत नाहीत. ऑपरेशनच्या आधी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण आधी मीही विचारलं नव्हतंच.

त्यानंतर आईने एक स्टीलची वाटी वेगळी काढली. रोज त्या वाटीने एक वाटी भाजी, कमी नाही की जास्त नाही. कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, ती आकडा लिहायची. तिला तो काय आहे ते नीट माहीत नव्हतं. पण रिपोर्ट यायच्या दिवशी सकाळपासून विचारायची, "आयनार किती आला?"

*

आईचं माहेर अहमदपूरकडचं. त्यामुळे आमच्याकडे वेळा अमावस्या, म्हणजे येळवस, दिवाळीपेक्षा मोठी. ती ११ जानेवारीला होती. ऑपरेशन होऊन ४३ दिवस झाले होते. मी शेतात येणार म्हणून हट्ट धरला आणि अण्णांनी ओळखीचा अॅपे सांगितला, हळू चालवायच्या अटीवर.

कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, मडक्यात अंबिल. आणि भज्जी. हिरवे हरभरे, तुरीचे ओले दाणे, वाल, मेथी, पालक, रानात जे जे हिरवं असेल ते सगळं बेसन लावून, चिंच घालून शिजवलेलं. बाजरीच्या उंड्यांबरोबर. मी म्हटलं, आज वाटी नको. आईने मुकाट्याने ताट वाढलं. त्या आठवड्यात आकडा १.९ आला आणि मला बोलणी बसली, पण त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

जेवण झाल्यावर पुरुष बांधावर गेले. आम्ही दोघी खोपीच्या सावलीत. मी सहज, खरंच सहज, त्या जुन्या डॉक्टरांना नावं ठेवली. म्हणाले, त्यांनी तेव्हा नीट तपासलं असतं तर.

आई काडीने माती उकरत होती. म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं."

काय?

"नांदेडला न्या म्हणले होते. हृदयाचा फोटो काढा म्हणले. चिठ्ठी दिली होती." मग तुटक तुटक बाकीचं आलं. कापूस वेचायला आला होता, मजूर मिळत नव्हते, हातात पैसा नव्हता. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणाले. पुढच्या आठवड्यात माझी सूज उतरली, मी अंगणात लंगडी खेळायला लागले. "खेळायलीस म्हणल्यावर बरी झालीस असंच वाटलं की."

मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे गोळी दे, पाणी दे, एवढंच. ती रोजच्यासारखी आंघोळ घालत होती, वाटी मोजत होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं. मला हेही दिसत होतं की दिवसाला मजुरी मोजणाऱ्या घरात खेळणारं लेकरू घेऊन, उगाच, साठ-सत्तर किलोमीटर लांब कोणी जात नाही. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकदम मनात मावत नव्हतं. आणि ज्या डॉक्टरांना मी इतके दिवस शिव्या घातल्या, त्यांनी त्यांचं काम केलं होतं. ते आता हयात नाहीत.

तिसऱ्या रात्री पुन्हा लाइट गेली. आई उठून माझ्या बाजेवर येऊन बसली, ऐकायला. मी विचारलं, चिठ्ठी कुठंय?

मोबाइलच्या उजेडात तिने पेटी उघडली. रेशनकार्ड, सातबारा, माझ्या दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी केलेला कागद. घडीवर फाटलेला. इंग्रजीत दोन ओळी: टू-डी इको, आणि रक्ताच्या एका तपासणीचं नाव. आईला इंग्रजी वाचता येत नाही. सोळा वर्षं तिने तो कागद जपून ठेवला होता.

"फेकून का नाही दिलास?"

"कसा फेकू?"

मी तो घडी करून परत पिशवीत ठेवला. ती बाजेच्या कडेला बसून राहिली. मी सरकून जागा केली. कुशीवर वळायची मला अजून परवानगी नव्हती, म्हणून दोघी उताण्या पडून राहिलो.

*

फेब्रुवारीत आत्या एक स्थळ घेऊन आली. त्याआधीचं एक, लोह्याकडचं, दिवाळीत बरंच पुढे गेलं होतं. ऑपरेशनचं कळल्यावर त्यांचे फोन येणं बंद झालं, कुणी काही बोललं नाही. आत्याचं म्हणणं, या वेळी सांगायचंच नाही. "पदराखाली काय दिसतंय? लग्न झाल्यावर कळलं तर कळलं."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "वाजतंय की ते, वन्सं. रात्री ऐकू यायचं नाही व्हय त्याला?"

अण्णा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. आत्याही हसायला लागली. त्या मुलाला मी स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. झडप, गोळी, मुलाबाळांची जोखीम. तो नीट बोलला, विचार करून सांगतो म्हणाला, आणि चार दिवसांनी नाही म्हणाला. निदान त्याने नाही म्हणायला फोन केला. मी दुपारभर पडून होते. संध्याकाळी गंगाखेड रस्त्याला चालायला गेले, पहिल्यांदा न थांबता दोन किलोमीटर.

एप्रिलमध्ये पुण्याला परतले. तीन मजले चढते, चौथ्याला थांबत नाही. इथे आवाज असतो, त्यामुळे मी मला क्वचित ऐकू येते.

आईला मात्र झोप लागेना. फोन करायची, "छातीला लाव." मी लावायची. तिला काहीच ऐकू यायचं नाही, आणि ती घाबरायची. मग माझ्या लक्षात आलं. फोन कॉलमध्ये मागचा एकसारखा आवाज, पंखा, गाड्या, ठकठक, गोंगाट समजून सॉफ्टवेअरच गाळून टाकतं. आवाजाचा तो फिल्टर माझं हृदय काढून टाकत होता. मी रेकॉर्डर अॅप उघडलं, तो फिल्टर बंद केला, पांघरुणाखाली फोन छातीवर धरून चौदा सेकंद रेकॉर्ड केलं आणि तिला पाठवलं.

पाच मिनिटांनी तिचा फोन आला.

"आलं ऐकू. आयनार किती आला?"

२.९, मी म्हणाले. ती कालनिर्णयवर लिहीत असावी, कारण थोडा वेळ काही बोलली नाही.